येऊर ते गाढी: ओढ्यांचे काठ मोजत

ठाणे-नवी मुंबईत राहणारे आपण डोंगर बघतो, खाडी बघतो. या दोहोंच्या मधून वाहणारं पाणी मात्र पुलावरून नाक दाबून ओलांडतो. येऊरच्या आणि पारसिकच्या डोंगरावरून, माथेरानच्या कुशीतून कितीतरी ओढे उतरतात आणि आपल्या सोसायट्यांच्या मागून खाडीला मिळतात. एखाद्या ओढ्यात जीव राहू शकतात की नाही, त्याचे काठ टिकतील की ढासळतील, हे ठरवायच्या चांगल्या, वर्षानुवर्षं वापरून झालेल्या पद्धती जगात आहेत. त्यांना टेप, दोरी, फूटपट्टी, छापलेला फॉर्म आणि भिजायची तयारी एवढंच लागतं. त्या आपल्या ओढ्यांना लावून बघायच्या म्हणून आम्ही निघालो.

आम्ही म्हणजे भूगोल शिकवणारी मी, वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण आणि सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा. वेळ मुद्दाम पितृपंधरवड्याची निवडली. तोवर मोठे पूर येऊन गेलेले असतात, पाणी निवळलेलं असतं पण वाहतं असतं, आणि पावसाळ्यात काठाला झालेल्या जखमा ताज्या असतात. दिवाळीनंतर गेलं तर त्या जखमांवर गवत वाळून पडलेलं असतं आणि लहान ओढे आटत आलेले असतात.

गुरुवार: येऊर

ठाणे स्टेशनहून येऊरला टीएमटीची बस जाते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, त्यामुळे गेटवर नोंद होते. ओढ्यात उतरून काम करायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधीच काढून ठेवावी. आम्ही ठेवली होती. पाड्यावरचा एक वारली दादा सोबत आला. भादव्याचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं, पण झाडीत शिरलो आणि अंगावरचा घाम थंड झाला.

आम्ही वापरला तो फॉर्म अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा. पद्धतीची पहिली आवृत्ती १९८९ ची, आम्ही घेतलेला फॉर्म १९९९ च्या आवृत्तीतला. ओढ्याचा १०० मीटरचा तुकडा घ्यायचा आणि दहा बाबी तपासायच्या. प्रत्येक बाबीला शून्य ते वीस गुण, एकूण दोनशे. तळाशी जिवांना लपायला जागा किती, दगड गाळात किती रुतलेत, खोल-उथळ आणि संथ-वेगवान पाणी यांची सरमिसळ आहे का, गाळ किती साचलाय, पात्र किती भरलंय, माणसाने ओढ्याची वाट बदललीय का, खळाळ, म्हणजे दगडांवरून खळखळत जाणारे उथळ तुकडे, किती अंतराने येतात. शेवटच्या तीन बाबी काठाच्या: काठ किती ढासळलाय, त्यावर झाडझाडोरा किती, आणि काठापासून मागे झाडीचा पट्टा किती रुंद. या तिन्हींत डाव्या आणि उजव्या काठाला वेगवेगळे दहा-दहा गुण असतात.

डावा-उजवा ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पाणी जातं तिकडे करून उभं राहायचं. हे सुरुवातीलाच एकमेकांत पक्कं करून घ्या, नाहीतर संध्याकाळी आकडे जुळवताना वाद होतात. आणि गुण प्रत्येकाने वेगवेगळे द्यायचे, एकमेकांच्या कागदात न बघता. मग बसून ताडून बघायचे. पद्धतीचा खरा उपयोग तिथे कळतो. एकाला जे नुसतंच "छान" दिसतं, ते नेमकं कशामुळे छान हे सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो दगड उचलण्यात. खळाळातून नारळाएवढा एक काळा गोटा भाच्याने अलगद वर काढला. वरचा भाग शेवाळाने हिरवट-तपकिरी आणि बुळबुळीत, त्याखाली एक स्पष्ट रेघ, आणि रेघेखाली दगडाचा स्वच्छ, फिकट रंग. जेवढा फिकट भाग तेवढा दगड गाळात रुतलेला. या गोट्याचा जेमतेम पाचवा हिस्सा रुतलेला होता. पंचवीस टक्क्यांपर्यंत रुतलेला असेल तर सगळ्यात वरची श्रेणी मिळते. पंचाहत्तरच्या पुढे गेला की तळातली. हे महत्त्वाचं अशासाठी की दगडांच्या खालच्या फटी हीच तिथल्या जिवांची घरं. गोटा उलटा केल्यावर तळाशी तीन शेपट्यांचा, चपटा, अर्ध्या नखाएवढा मेफ्लायचा किडा, म्हणजे त्या माशीचं पाण्यात वाढणारं पिल्लू, सरपटत कडेला गेला. पोटाच्या दोन्ही बाजूंना त्याचे कल्ले थरथरत होते. शेजारी वाळूचे कण चिकटवून कॅडिसफ्लाय या दुसऱ्या माशीच्या अळीने बांधलेली नळी होती, एकेक कण निवडून बसवल्यासारखी. हे दोघेही बहुतेक करून प्राणवायू भरपूर असलेल्या, स्वच्छ पाण्यात राहतात. आम्ही तिघंही कितीतरी वेळ गुडघ्यावर बसून बघत राहिलो, मग दगड होता तसा, त्याच जागी, त्याच बाजूने ठेवला. हे अवश्य करा.

दगडांची मोजणी हे दुसरं काम. नदी-अभ्यासक एम. गॉर्डन वोलमन यांनी १९५४ साली सुचवलेली ही पद्धत आजही जशीच्या तशी वापरतात. ओढा आडवा ओलांडत चालायचं, प्रत्येक पावलाला खाली न बघता बुटाच्या टोकापाशी बोट घालायचं, पहिला लागेल तो दगड उचलायचा आणि त्याची मधली बाजू मोजायची, सगळ्यात लांब नाही आणि सगळ्यात आखूडही नाही. असे शंभर दगड. न बघता उचलायचा, कारण बघून उचलला तर हात मोठ्या, देखण्या दगडाकडेच जातो. दोन मिलिमीटरच्या आतली वाळू, ६४ पर्यंत खडी, २५६ पर्यंत गोटे, त्यापुढे धोंडे. आमचे निम्म्याहून अधिक दगड गोट्यांच्या वर्गात आले. दरवर्षी त्याच जागी मोजलं आणि या शंभरांतल्या मधल्या दगडाचा आकार लहान होत गेला, तर वर कुठेतरी माती सुटली आहे असं समजावं.

वेग मोजायला मोसंबं नेलं होतं. दहा मीटर जायला त्याला पंचवीस सेकंद लागले, म्हणजे वरच्या थराचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर. तळाशी आणि कडेला पाणी अडखळतं म्हणून याला साधारण ०.८५ ने गुणतात. सरासरी आली ३४. फॉर्मच्या हिशेबात ३० च्या पुढे वेगवान आणि अर्ध्या मीटरच्या पुढे खोल.

गुण कापले गेले ते एकाच जागी. उजव्या काठावर पायवाट सरळ पाण्यात उतरते, तिथे दहा-बारा मीटर काठ पायांनी घासून उघडा पडला होता. मुळं वर आलेली, माती ओघळलेली, आणि त्या ओघळाच्या खालच्या बाजूचे दगड तेवढे गाळात बुडालेले. वर कोणी चालतं आणि खाली मेफ्लायचं घर बुजतं, हा संबंध इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिला. एकूण सरासरी तरीही दोनशेपैकी १५८ आली.

दुपारी दादाच्या घरी तांदळाची भाकरी, करटोल्याची भाजी आणि सुकटीची चटणी जेवलो. वहिनींनी भाकरी चुलीवरून थेट ताटात टाकली. करटोली आता संपत आली, पुढच्या आठवड्यात मिळायची नाहीत, असं त्या म्हणाल्या.

शुक्रवार: डोंगराच्या पायथ्याचा नाला

सकाळी तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ खाऊन निघालो. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. भाच्याने सांगितलं नाही आणि दोन ताकं प्यायला.

येऊरवरून उतरणारं पाणी शहरात शिरलं की आरसीसीच्या भिंतींमध्ये जातं. त्यातला एक नाला आम्ही निवडला. आत उतरलो नाही. पुलावरून, कडेच्या रस्त्यावरून आणि एका सोसायटीच्या मागच्या फाटकातून बघून फॉर्म भरला. अशा नाल्यात उतरूच नये. सांडपाणी असतं, फुटलेली काच असते, आणि पायाला बारीकशी जखम असली तरी लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो.

इथे आम्हाला जे दिसलं ते या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काठाच्या मजबुतीला या नाल्याला वीसपैकी वीस गुण पडले. फॉर्म विचारतो की काठाचा किती भाग ढासळलाय. पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. भिंत कुठेच ढासळलेली नव्हती. तिघांच्याही कागदावर तोच आकडा. आणि बाकीच्या रकान्यांत? झाडोरा शून्य, काठामागचा झाडीचा पट्टा शून्य, पात्र संपूर्ण बदललेलं, तळाला सिमेंट आणि सिमेंटवर काळा चिखल, खळाळ नाहीच. दोनशेपैकी ३८, त्यातले वीस एकट्या भिंतींचे.

म्हणून काठाच्या मजबुतीचा आकडा कधीही एकटा वाचू नये. काठ मजबूत असणं आणि ओढा जिवंत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या शहरांत पहिली विकत घेण्यासाठी दुसरी सर्रास खर्ची पडते. नाल्याचं काम मंजूर होताना कागदावर "काठाचे संरक्षण" एवढंच येतं. त्याच कागदावर बाकीचे नऊ रकाने असते, तर निर्णय घेणाऱ्यालाही दिसलं असतं की आपण काय देऊन काय घेतोय.

काठालगतच्या जुन्या चाळीत राहणाऱ्या एक आजी गॅलरीतून आमच्याकडे बघत होत्या. काय मोजताय विचारलं, आम्ही सांगितलं, त्यांनी चहाला वर बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही यंत्राने सांगितलं नसतं. "आधी पाऊस पडला की तासाभराने नाला भरायचा आणि मग दिवसभर वाहायचा. आता पाऊस थांबायच्या आत भरतो, आणि बघता बघता रिकामा होतो." जमीन डांबर-सिमेंटने झाकली की पाणी मुरत नाही, एकदम येतं, गुळगुळीत भिंतीत त्याला अडखळायला काही नसतं, म्हणून वेगाने जातं. आजींनी हे तीस-चाळीस पावसाळे खिडकीतून पाहिलं होतं.

त्या वेगाचं पुढे काय होतं ते भिंत जिथे संपते तिथे दिसलं. साधारण दोनशे पावलांवर एका बाजूची भिंत थांबते. तिथे पाण्याने तळाला खड्डा पाडलाय, सिमेंटची कड हवेत लोंबकळतेय, आणि समोरचा कच्चा काठ उभा कापल्यासारखा सरळ. भिंतीने वाचवलेली झीज पाण्याने पुढच्या काठाकडून वसूल केली होती. मिसिसिपीतल्या ओढ्यांचा अभ्यास करून शुम, हार्वे आणि वॉटसन यांनी १९८४ साली याचा क्रम मांडला: आधी तळ खोल जातो, मग काठ इतके उंच होतात की स्वतःच्या वजनाने कोसळतात, मग पात्र रुंदावत जातं, आणि खूप काळाने खालच्या पातळीवर नवा, स्थिर ओढा तयार होतो. इथे काठाच्या मागे लगेच घरं आहेत. रुंदावायला जागा नाही, म्हणून पुढची भिंत येणार हे ठरलेलंच.

नवख्यांसाठी एक सूचना: नाला गुण द्यायच्या लायकीचा नाही म्हणून सोडू नका. शून्यही लिहून ठेवा. उद्या कुणी तो सुधारला, तर सुधारणा मोजायला आजचा शून्य लागेल.

शनिवार: गवळीदेव

घणसोली स्टेशनला उतरून रिक्षाने रबाळे एमआयडीसीतून गवळीदेवच्या पायथ्याशी गेलो. ट्रान्स हार्बर लाइनवरून जाताना पूर्वेला हा डोंगर सतत दिसतो, तरी त्यावर एवढी झाडी आणि पाणी असेल असं पुष्कळ नवी मुंबईकरांना ठाऊक नसतं.

इथला ओढा काळ्या बेसॉल्टवरून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. कातळाच्या काठाला ढासळण्याची भीती कमी, म्हणून वेगळा फॉर्म घेतला: अमेरिकन वनखात्यासाठी फँकुश यांनी १९७५ मध्ये तयार केलेला, डोंगरी ओढ्यांचा. त्यात पंधरा बाबी आहेत: वरच्या काठाच्या चार, खालच्या काठाच्या पाच आणि तळाच्या सहा. वरचा उतार किती, त्यावर दरड कोसळल्याच्या खुणा आहेत का, पडलेले ओंडके वाट अडवतील का, तळातले दगड एकमेकांत घट्ट बसलेत की हलतात. लक्षात ठेवायचं ते असं की या फॉर्मात कमी गुण म्हणजे चांगला ओढा. ईपीएच्या उलट. दोन्ही एकाच वहीत भरत असाल तर पानाच्या माथ्यावर ठळक लिहा.

निम्मा फॉर्म भरून झाला आणि आभाळ भरून आलं. पाऊस आमच्या डोक्यावर आलाच नव्हता, वर माथ्यावर सुरू झाला होता. मैत्रिणीला आधी दिसलं: कडेला अडकून पडलेली सुकी पानं एकाएकी उचलली गेली आणि तरंगायला लागली. पाठोपाठ पाण्याचा रंग गढूळला. आम्ही सामान उचलून वर काठावर गेलो. पाचेक मिनिटांत, आम्ही उभे होतो त्या कातळावरून गुडघाभर पाणी जायला लागलं. डोंगरी ओढ्यात ही पानांची खूण कायम ध्यानात ठेवा. खारघरचा पांडवकडा पावसाळ्यात लोकांना बंद ठेवतात तो अशा लोंढ्यांनी बळी घेतलेत म्हणूनच. सरीच्या दिवशी एकाने मोजणी सोडून फक्त वर बघत राहायचं, हा आमचा तेव्हापासूनचा नियम.

दुपारनंतर पाऊस थांबला तरी पाणी उतरायला वेळ होता, म्हणून ओढ्यामागोमाग खाली चालत आलो. एमआयडीसीतल्या एका रस्त्याखालून ओढा पाइपातून जातो. पाइपाचं खालचं तोंड तळापासून मांडीएवढं उंच लटकतंय. पाणी तिथून खाली पडतं. रस्त्यालगत टपरी चालवणारे एक काका घणसोली गावातले निघाले. म्हणाले, "लहानपणी पहिल्या पावसात वलगणीचे मासे इथवर चढायचे. आम्ही पोरं हातांनी धरायचो. आता चढतील कसे?" पहिल्या पावसात अंडी घालायला मासे खालून वर, उथळ पाण्याकडे येतात. ठाण्या-रायगडातल्या गावांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वरच्या तुकड्यात दगड, फटी, सावली सगळं शाबूत असून तिथे आम्हाला मासा दिसला नाही. फॉर्म भरताना आपण शंभर मीटरच बघतो. ओढा खाली कुठे तुटलाय हे चालत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोजणीच्या जागेपासून पुढच्या पुलापर्यंत निदान एकदा पायी जावं.

काकांनी वडापाव आणि चहा दिला. भिजलेल्या अंगाला त्याहून बरं काही सुचलं नसतं.

रविवार: गाढी, नेऱ्याजवळ

गाढी नदी माथेरानच्या डोंगरात उगम पावते, देहरंग धरणातून पुढे नेऱ्यावरून पनवेलला येते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. पनवेल एसटी स्टँडवरून धोदाणीकडे जाणारी बस पकडली. बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना निसवलेलं भात, लोंब्या अजून हिरव्या, आणि मागे माथेरानची निळी भिंत.

इथे काठ कातळाचा नाही, मातीचा आहे. म्हणून आजचं मुख्य काम काठाच्या झिजेचा धोका मोजणं. नदी-अभ्यासक डेव्ह रॉसगेन यांची ही पद्धत, बँक इरोजन हॅझर्ड इंडेक्स, अभ्यासक तिला बेही म्हणतात. पाच गोष्टी मोजायच्या: काठाची उंची आणि काठभर पाण्याची उंची यांचं प्रमाण; मुळं काठात किती खोल उतरलीत; मुळांची दाटी; काठाचा कोन; आणि गवत, झाडं, दगड यांनी काठ किती झाकलाय. मग मातीचा प्रकार आणि थर बघून गुण वाढवायचे किंवा कमी करायचे. इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

काठभर पाणी ओळखणं हीच यातली अवघड पायरी. महापुराची खूण नव्हे. साधारण वर्ष-दोन वर्षांतून एकदा तरी नदी जितकी भरते ती पातळी. २६ जुलै २००५ च्या पावसाची, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवसाची खूण धरून हिशेब केला तर सगळाच काठ चुकीचा मोजला जाईल. आम्ही रेतीच्या पट्ट्याचा माथा, बारीक गाळाची रेघ आणि जिथपासून बारमाही झुडपं सुरू होतात ती जागा, अशा तीन खुणा शोधल्या. तिन्ही एका पातळीत आल्या तेव्हा टेप लावला.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला शेत असलेले एक बाबा बांधावर उभे होते. त्यांना विचारूनच खाली उतरलो. काठाची उंची २.८ मीटर, काठभर पाणी १.४, प्रमाण दोन. म्हणजे काठाचा वरचा निम्मा भाग नेहमीच्या पुरांच्याही वर उघडा उभा. मुळं वरच्या अर्ध्या मीटरपर्यंतच, भाताची आणि गवताची. कोन जवळपास काटकोन. वरची माती चिकण, पण खाली कमरेच्या उंचीला हातभर जाडीचा रेतीचा थर. त्या थरात बोट घातलं तर कोपरापर्यंत हात सहज आत गेला. पाण्याने रेती खाऊन पोकळी केली होती आणि वरची चिकणमाती छज्ज्यासारखी पुढे आली होती. वर चढून बघितलं तर काठापासून दोन पावलं आत, भाताच्या रोपांमधून, बोटभर रुंद भेग काठाला समांतर गेलेली. पुढची दरड कुठून सुटणार ते जमिनीने आधीच आखून ठेवलं होतं. पाच बाबी आणि थराचे वाढीव गुण धरून बेही बेचाळीसच्या आसपास आला. चाळीस ते पंचेचाळीस म्हणजे "अति जास्त" धोका.

भाचा म्हणाला, पुराच्या धारेने हे होत असणार. बाबांनी मान हलवली. "पूर हाय तंवर नाय होत. पानी उतरलं का मंग दरड बसते. रातच्याला धप्पकन आवाज येतो." आणि ते अगदी बरोबर आहे. पूर असताना नदीचं पाणीच काठाला बाहेरून टेकू देतं. पूर झपाट्याने ओसरला की टेकू जातो, पण काठ आतून भिजून जड झालेला असतो आणि मातीतल्या पाण्याचा दाब बाहेर ढकलत असतो. काठ पुराच्या दुसऱ्या दिवशी पडतात. बघायला जायचं तर तेव्हा जावं, आणि काठाच्या टोकावर तेव्हाच उभं राहू नये.

दीडशे पावलं वरच्या अंगाला त्याच नदीचा, तसल्याच मातीचा काठ होता, पण तिथे करंजांची रांग आणि एक जुना उंबर. मुळं पार पाण्यापर्यंत उतरलेली, मुळांच्या जाळीत माती घट्ट धरलेली, खालच्या पोकळ्यांत मरळीची पिल्लं. पात्रातल्या दगडांत शेरणीची झुडपं. मैत्रीण त्यांच्यापाशीच थांबली. पुरात पूर्ण आडवी होऊन, पूर गेल्यावर पुन्हा उभी राहणारी ही झुडपं नदीच्या दगडगोट्यांत रुजतात आणि त्यांच्या बुंध्याशी गाळ अडतो. इथला बेही चौदा. बेचाळीस आणि चौदा यांच्यात फरक झाडांचा. बाबांनी सांगितलं की खालच्या वळणावरही करंज होते. शेजारचा तुकडा बंगल्यासाठी विकला गेला तेव्हा "नदी दिसायला हवी" म्हणून तोडले, आणि त्यानंतर दोन्ही शेतांचा काठ जायला लागला. हे लिहिताना मला अजून राग येतो. मुळांचं काम करणारी भिंत बांधायला तिथे आता लाखो रुपये लागतील, आणि काल-परवा पाहिलेल्या नाल्याची सुरुवातही अशाच एखाद्या वळणावर झाली असणार.

या सपाटीच्या तुकड्याला ईपीएचा दुसरा फॉर्म लागतो, मंद उताराच्या ओढ्यांचा. त्यात दगड रुतण्याऐवजी डोहाच्या तळाचं स्वरूप, वेग-खोलीऐवजी डोहांची विविधता आणि खळाळांऐवजी पात्राचा नागमोडीपणा बघतात. येऊरचा फॉर्म इथे भरला तर नदीवर अन्याय होतो. खळाळ कमी असणं हा सपाटीवरच्या नदीचा दोष नव्हे.

बाबांच्या परवानगीने खालच्या काठात सळया ठोकल्या. मीटरभर लांबीची, दहा मिलिमीटरची सळई आडवी, काठाशी समतल होईपर्यंत आत. पुढच्या पावसाळ्यानंतर जेवढी बाहेर आलेली दिसेल तेवढा काठ गेला. तीस सेंटिमीटर बाहेर आली, तर २.८ मीटर उंच आणि पन्नास मीटर लांब काठातून ४२ घनमीटर माती खाडीकडे गेली, असा सरळ हिशेब. टोकाला लाल रंग लावा आणि शेतमालकाला जागा दाखवून ठेवा, म्हणजे कोणाच्या पायाला लागणार नाही.

निघायला लागलो तर बाबा सोडेनात. त्यांच्याकडे त्या दिवशी पितरांचं जेवण होतं. तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, अळूवडी. कावळ्याचा घास आधीच ठेवून झाला होता. सासूबाईंच्या तिथीला वाटसरू जेवून जावा, हे चांगलं असतं, असं त्यांच्या घरच्या काकूंनी सांगितलं आणि खिरीची दुसरी वाटी न विचारता भरली.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पकड चांगली असलेले जुने बूट घाला, चप्पल नको. पन्नास मीटरचा टेप, सुतळी, लांब दांड्याची चाळणी, पांढरा ट्रे, भिंग, आणि कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हल पुरतं. जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, आणि ओढ्यात उतरल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगा. प्रत्येक वर्षी त्याच आठवड्यात मोजा. आपल्याकडे ऑगस्टचा ओढा आणि फेब्रुवारीचा ओढा यांचे गुण एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही, कारण पात्रात पाणी किती हीच एक बाब दोन टोकांना जाते. फोटो दरवेळी एकाच दगडावरून, एकाच दिशेला काढा.

ईपीएचा फॉर्म आम्ही आता मराठीत करून घेतला आहे. त्यात दोन ओळी आमच्या घातल्या: शेवटचा मोठा पाऊस किती दिवसांपूर्वी पडला, आणि वलगणीचे मासे इथवर चढतात का. दुसऱ्या ओळीचं उत्तर गावातल्या माणसाला विचारून लिहायचं.